बिचोलीची बातमी, लाहोरचं भाषण

इंदूरच्या राजवाड्यापासून पायी निघालं की थोड्याच वेळात कृष्णपुरा लागतो. कान्ह नदी, तिच्यावरचा पूल आणि काठाला होळकरांच्या छत्र्या. यशवंतराव होळकरांच्या पत्नी कृष्णाबाई, दुसरे तुकोजीराव आणि शिवाजीराव यांच्या स्मरणार्थ त्या उभ्या आहेत. वक्तृत्व स्पर्धेचे दोन हमखास विषय या एवढ्याशा टापूत सापडतात: 'नदी वाचवा' आणि 'वारसा जपा'. आता पदवीच्या अभ्यासक्रमात शोधप्रकल्पही आला आहे, त्यामुळे एकाच मुलाला वा मुलीला शोधनिबंधही लिहायचा असतो आणि व्यासपीठावरून लोकांना आपलं म्हणणं पटवूनही द्यायचं असतं. या दोन कामांचा एकमेकांशी संबंध आहे असं सहसा कुणी त्यांना सांगत नाही. निबंध पानं भरून जमा करायचा, भाषण टाळ्यांसाठी पाठ करायचं. बहुतेक वेळा भाषण आधी तयार होतं. 'अध्यक्ष महाशय, पूज्य गुरुजनवर्ग' पासून शेवटच्या शेरापर्यंत सगळं बसवून झालं की मग मध्ये कुठंतरी एखादा आकडा टाकायला शोधला जातो. हा क्रम उलटा आहे, आणि मुलांची भाषणं पोकळ वाटण्याचं मुख्य कारण तेच आहे, असं माझं म्हणणं आहे. पटवून देणारं भाषण शोधनिबंधातूनच जन्मावं लागतं, आणि निबंधाला जेवढं पेलवतं त्यापेक्षा जास्त भाषणानं मागू नये.

या म्हणण्याला आधार म्हणून इंदूरच्या शेजारचंच उदाहरण घेता येतं. इथून वीस-बावीस किलोमीटरवरच्या महूला 14 एप्रिल 1891 रोजी भीमराव रामजी आंबेडकर यांचा जन्म झाला. बडोद्याची शिष्यवृत्ती घेऊन ते न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले आणि 9 मे 1916 रोजी, वयाच्या पंचविसाव्या वर्षी, अलेक्झांडर गोल्डनवायझर यांच्या मानववंशशास्त्राच्या चर्चावर्गात त्यांनी भारतातल्या जातींवर एक निबंध वाचला. पुढच्या वर्षी, मे 1917 मध्ये, तो 'इंडियन अँटिक्वरी'त छापून आला. निबंध वाचल्यानंतर बरोबर वीस वर्षांनी, 1936 मध्ये, त्यांनी लाहोरच्या जातपात तोडक मंडळाच्या परिषदेसाठी अध्यक्षीय भाषण लिहिलं, ते 'ॲनिहिलेशन ऑफ कास्ट'. पहिला विद्यार्थ्याचा शोधनिबंध, दुसरं मन वळवण्यासाठी लिहिलेलं भाषण. दोन्ही शेजारी ठेवून वाचले तर संशोधन कुठं संपतं आणि आवाहन कुठं सुरू होतं हे जितकं स्पष्ट दिसतं, तितकं ते लेखनकलेच्या कुठल्याही गाईडात दिसणार नाही.

आधी निबंध पाहू. 'जातिव्यवस्था वाईट आहे' अशी त्याची सुरुवात नाही. लिहिणाऱ्याला जातीनं काय भोगायला लावलं होतं हे आपल्याला ठाऊक आहे, पण निबंधात त्याचा उच्चार नाही. तो सुरू होतो इतरांच्या व्याख्यांपासून. सेनार्ट, नेसफील्ड, रिस्ले आणि केतकर या चौघांनी जात म्हणजे काय हे कसं सांगितलं ते तो घेतो आणि प्रत्येकाचं काय बरोबर, काय अपुरं हे दाखवतो. यातले केतकर म्हणजे आपले ज्ञानकोशकार श्रीधर व्यंकटेश केतकर. त्यांचं जातीच्या इतिहासावरचं इंग्रजी पुस्तक 1909 साली आलं होतं. या चौघांत त्यांच्याबद्दल आंबेडकरांना विशेष आदर आहे, तरी तिथंही ते थांबून एक बारीक चूक काढतात. केतकरांनी जातीची दोन लक्षणं सांगितली होती: जातीबाहेर लग्नाला बंदी, आणि जातीत जन्मलेल्यालाच जातीत स्थान. आंबेडकर म्हणतात, ही दोन लक्षणं नाहीतच, एकाच गोष्टीच्या दोन बाजू आहेत. बाहेर लग्न करू दिलं नाही की बाहेरचा माणूस आपोआपच आत येत नाही. एवढ्याशा दुरुस्तीतून त्यांना मूळ सूत्र मिळतं: जातीचा गाभा म्हणजे जातीतल्या जातीत लग्न.

मग ते या सूत्राची परीक्षा घेतात, आणि निबंधाचा सगळ्यात पाहण्यासारखा भाग तोच आहे. एखाद्या गटानं ठरवलं की लग्न आपल्यातच करायचं, तर त्यात लग्नाच्या वयाचे स्त्रीपुरुष साधारण सारखे असायला हवेत. नवरा आधी मेला की बाई 'जादा' होते, बायको आधी मेली की पुरुष 'जादा' होतो, आणि जादा माणूस जातीबाहेर लग्न करून कुंपण मोडू शकतो. जादा बाईचं काय करायचं? तिला नवऱ्याबरोबर जाळायचं, नाहीतर जन्मभर वैधव्यात ठेवायचं. जादा पुरुषाचं? त्याला तसं जाळता येत नाही, म्हणून अजून लग्नाच्या वयात न आलेल्या मुलीशी त्याचं लग्न लावायचं. सती, सक्तीचं वैधव्य आणि बालविवाह या तीन रूढींचं मूळ असं एका हिशेबातून उलगडतं. वाचणाऱ्याच्या अंगावर काटा येतो, पण तो लिहिणाऱ्यानं विशेषणं वापरली म्हणून येत नाही. आणि इतकं करून शेवटी हा विद्यार्थी म्हणतो की हे काही अंतिम नाही. आपला सिद्धान्त टिकत नाही असं कुणी दाखवलं, तर तो सोडून द्यायची आपली तयारी आहे.

आता 1936 चं भाषण. इथला सूर वेगळा आहे, कारण काम वेगळं आहे. समोर विद्वानांचा वर्ग नव्हता. जातपात मोडायला निघालेल्या सुधारकांची परिषद होती, आणि त्यांना पुढच्या पायरीवर न्यायचं होतं. तरीही भाषण पुराव्यावर उभं आहे, आणि त्यातला एक मोठा पुरावा थेट इंदूरचा आहे. 4 जानेवारी 1928 च्या 'टाइम्स ऑफ इंडिया'तली बातमी आंबेडकर देतात. इंदूर संस्थानातल्या कनाडिया, बिचोली हप्सी, बिचोली मर्दाना आणि आणखी जवळपास 15 गावांतल्या सवर्णांनी, पाटील-पटवाऱ्यांसह, आपापल्या गावच्या बलाई या अस्पृश्य मानल्या गेलेल्या जातीच्या लोकांना कळवलं की इथं राहायचं तर काही नियम पाळावे लागतील. जरीकाठी पागोटी घालायची नाहीत. रंगीत वा नक्षीदार काठाची धोतरं नेसायची नाहीत. गावात कुणी हिंदू मेला तर नातेवाईक कितीही लांब असोत, त्यांना निरोप पोचवायचा. लग्नाच्या मिरवणुकीपुढं वाजवायचं. बायकांनी सोन्याचांदीचे दागिने घालायचे नाहीत, आणि सवर्णांच्या घरी बाळंतपण असेल तिथं कामाला जायचं. मोबदला मागायचा नाही, मिळेल तो घ्यायचा. हे मान्य नसेल तर गाव सोडायचं. बलायांनी नकार दिला. त्यांना विहिरीचं पाणी बंद झालं, गुरं चारायला बंदी झाली, सवर्णांच्या जमिनीतून जायची वाट बंद झाली. दरबाराकडे अर्ज गेले, पण वेळेवर दाद मिळाली नाही, आणि शेकडो कुटुंबं पिढ्यान्‌पिढ्यांची घरं सोडून धार, देवास, बागली, भोपाळ, ग्वाल्हेर अशा आजूबाजूच्या संस्थानांत गेली.

आज बिचोली आणि कनाडिया इंदूरच्या पूर्वेकडच्या वस्तीत मिसळून गेले आहेत. पण इथं मला लक्ष वेधायचं आहे ते पुरावा कसा मांडला आहे याकडे. वृत्तपत्राचं नाव, तारीख, गावांची नावं, नियम एकामागून एक, मग नकाराचा परिणाम. 'अन्याय', 'अमानुष' हे शब्द ऐकणाऱ्याच्या मनात आपोआप यावेत, इतकी जागा मोकळी ठेवली आहे. पुराव्याचं भाषण कोरडं होतं, श्रोते कंटाळतात, म्हणून भावना घालावी लागते, हा आक्षेप वक्तृत्व शिकवणारे नेहमी घेतात. त्याचं उत्तर या परिच्छेदात आहे. धोतराच्या काठाचा नियम ऐकल्यावर जे वाटतं ते कुठल्याही घोषणेनं वाटत नाही. कोरडी असतात ती आकड्यांची नुसती रास लावणारी भाषणं. तो दोष पुराव्याचा नाही, निवडीचा आहे. आंबेडकरांनी अशी निवडक उदाहरणंच घेतली: पेशवाईतलं पुणं, गुजरातेतलं कविठा, जयपूर संस्थानातलं चकवारा. चकवाऱ्याचा प्रसंग तर भाषण लिहिण्याच्या अगदी आगेमागे घडलेला. जुन्या काळी असं होतं, असं म्हणून श्रोत्याला अंग काढून घेता येऊ नये, अशी ही रचना आहे.

आणि भाषणाची मागणी कुठून येते? ती वीस वर्षांपूर्वीच्या निबंधातून येते. जातीचा गाभा जातीतल्या जातीत लग्न हाच असेल, तर सहभोजनानं जात मोडणार नाही, आंतरजातीय लग्नानं मोडेल. आणि लोक अशी लग्नं करत नसतील तर त्यांना अडवणाऱ्या शास्त्रांच्या पावित्र्यावरच बोट ठेवावं लागेल. निबंधानं जे सिद्ध केलं त्याच्यापुढची प्रत्येक पायरी भाषण एकेक करून चढतं. ही दोन्ही लिखाणं एकाच धाग्याची आहेत ही काही माझी कल्पना नाही. तिसऱ्या आवृत्तीच्या 1944 च्या प्रस्तावनेत आंबेडकरांनीच लिहिलं आहे की तो विद्यार्थिदशेतला निबंध या भाषणात सामावून सगळं नव्यानं लिहायचा त्यांचा विचार होता. वेळ मिळाला नाही म्हणून जुनाच मजकूर पुन्हा छापला.

कुणी म्हणेल, हे असामान्य माणसाचं उदाहरण झालं. सामान्य वक्त्याला पुराव्याशिवाय बोलल्यानं काय अडतं? याला 1897 साल उत्तर देतं. त्या वर्षी तिशीतले गोपाळ कृष्ण गोखले हिंदुस्थानच्या खर्चाची चौकशी करणाऱ्या वेल्बी आयोगापुढं साक्ष द्यायला इंग्लंडला गेले. न्यायमूर्ती रानडे आणि गणेश व्यंकटेश जोशी यांच्याबरोबर बसून त्यांनी आकडे तयार केले होते, आणि उलटतपासणीतही ते ढळले नाहीत. त्याच मुक्कामात पुण्याहून मित्रांची पत्रं आली: प्लेगच्या बंदोबस्तावरच्या सैनिकांनी स्त्रियांवर अत्याचार केले. गोखल्यांनी ते 'मँचेस्टर गार्डियन'मध्ये जाहीर केलं. परत आल्यावर पुरावा मागितला गेला तेव्हा पत्र लिहिणाऱ्यांपैकी कुणी पुढं येईना, आणि त्यांना जाहीर माफी मागावी लागली. माणूस तोच, देश तोच, वर्षही तेच. एकदा हातात तपासलेले कागद होते, एकदा ऐकलेली गोष्ट. माफी मागितली म्हणजे अत्याचार झालेच नव्हते असं ठरत नाही, आणि हीच यातली खरी वेदना आहे: गोष्ट खरी असेल, तरी ती दाखवता आली नाही तर बोलणाऱ्याबरोबर सोसणाऱ्यांचाही आवाज दबतो. म्हणून पुराव्याची काळजी ज्यांच्यासाठी आपण बोलतो त्यांच्यासाठी घ्यायची असते, परीक्षकासाठी नाही.

आता कृष्णपुऱ्याच्या पुलावर येऊ. 'नदी वाचवा' हा विषय निबंधाला फार मोठा आहे. तो लहान करायचा. इंदूरला 2021 साली देशातलं पहिलं 'वॉटर प्लस' शहर म्हणून मान मिळाला. त्यासाठी नदीनाल्यांत उघडणारी सांडपाण्याची हजारो तोंडं बंद करून ती मलवाहिनीला जोडण्याचं मोठं काम झालं. मग प्रश्न असा घ्यावा: कृष्णपुऱ्याच्या पुलापासून छत्र्यांपर्यंतच्या पट्ट्यात आज सांडपाणी नदीत येतं का, आणि येत असेल तर कुठून? हा प्रश्न दोन पायांवर चालून सोडवता येतो. काठानं जाऊन प्रत्येक नळाचं, प्रत्येक मोरीचं तोंड नकाशावर टिपायचं. पण इथं पहिला सापळा आहे. जुलैत नळ वाहताना दिसला तर ते पावसाचं पाणी असू शकतं, त्यावरून काही सिद्ध होत नाही. डिसेंबरात, पाऊस नसताना, सकाळी लोकांच्या अंघोळी-धुण्याच्या वेळी तोच नळ वाहत असेल, तर तिथं सांडपाणी येत असल्याचा संशय धरायला आधार मिळतो. तेव्हा एकाच जागी, ठरलेल्या वेळी, कोरड्या दिवसांत पुन्हा पुन्हा पाहायचं आणि तारीख-वेळ घालून लिहायचं. दुसरा सापळा असा की नदीत दिसणारं सगळं पाणी घाण आहे असं मानणं. शहरातल्या प्रक्रिया केंद्रांतून शुद्ध केलेलं पाणीही नदीत सोडलं जातं. डोळ्यांनी आणि नाकानं हा फरक ठरत नाही. महाविद्यालयाच्या रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत नमुना तपासून घ्यावा लागतो. अंघोळीच्या पाण्यासाठी केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचं मानक आहे: विरघळलेला ऑक्सिजन लिटरला निदान 5 मिलिग्रॅम, आणि जैविक ऑक्सिजन मागणी 3 मिलिग्रॅमपेक्षा जास्त नको. आपला आकडा या आकड्याशेजारी ठेवला की तो बोलू लागतो.

त्यानंतर महापालिकेचं म्हणणं विचारायचं आणि तेही निबंधात प्रामाणिकपणे लिहायचं. हे मुलं हमखास टाळतात, कारण त्यानं आपली बाजू कमजोर होईल असं वाटतं. पण आंबेडकरांच्या भाषणावर गांधीजींनी 'हरिजन'मध्ये टीका केली, तेव्हा 1937 च्या दुसऱ्या आवृत्तीत आंबेडकरांनी ती टीका उत्तरासकट त्याच पुस्तकात छापली. दुसरी बाजू झाकली नाही म्हणून त्यांचं पुस्तक कमकुवत झालं नाही, उलट वाचणाऱ्याला निर्णय करायला दोन्ही हातांत कागद मिळाले. नदीच्या निबंधातही असंच. समजा पाहणीत दोनच नळ सापडले आणि पालिकेनं बाकीची तोंडं खरोखर बंद केली असल्याचं दिसलं, तर तसंच लिहायचं. मग भाषणातही 'नदीचं गटार झालं' असं म्हणता येणार नाही. 'हे दोन नळ इथं आहेत, हे इतके दिवस वाहताना दिसले, ते जोडून घ्या' असं म्हणता येईल. मागणी लहान दिसते खरी, पण ती पूर्ण करता येते, आणि पूर्ण झाली की नाही हे पुढच्या वर्षीची तुकडी जाऊन पाहू शकते. इंदूरची कान्ह पुढं क्षिप्रेला मिळते. 2016 च्या सिंहस्थाआधी तिचं पाणी उज्जैनच्या घाटांपाशी येऊ नये म्हणून पाइपलाइन टाकून ते वळवावं लागलं होतं. दोन नळांचं महत्त्व श्रोत्यांना सांगायला ही एक गोष्ट पुरेशी आहे.

राहिले दोन आक्षेप, आणि दोन्ही खरे आहेत. एक म्हणजे वेळ. स्पर्धेत पाच-सात मिनिटं मिळतात, पाचव्या मिनिटाला घंटा वाजते. तीन महिन्यांचं काम त्यात कसं मावणार? मावणार नाही, आणि मावायलाही नको. निबंधात दहा गोष्टी असतील तर भाषणात एकच घ्यायची, पण ती पुरती. बाकीच्या नऊ व्यर्थ जात नाहीत. परीक्षकानं वा विरोधकानं प्रश्न विचारला की त्यांतलीच एक कामाला येते, आणि प्रश्नोत्तरात पाय घट्ट असलेला विद्यार्थी लगेच ओळखू येतो. दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे. आता तयार भाषण मोबाइलवर मिनिटभरात मिळतं, अलंकारांसकट मिळतं. मग एवढी खटपट कोण करील? मला वाटतं, या सोयीनंच खटपटीची किंमत वाढवली आहे. गोड भाषा आता सगळ्यांकडे सारखीच आहे. डिसेंबरातल्या सकाळी कृष्णपुऱ्याच्या काठावर उभं राहून केलेली नोंद मात्र ज्यानं केली त्याच्याकडेच असते.

आणि इतकं करूनही लोक पटतीलच असं नाही. लाहोरचं भाषण झालंच नाही. मजकूर वाचून मंडळानं काही भाग गाळायला सांगितला, आंबेडकरांनी स्वल्पविरामही बदलायला नकार दिला, आणि परिषदच बारगळली. त्यांनी भाषण स्वतःच्या खर्चानं छापलं; 1500 प्रती दोन महिन्यांत संपल्या. सभागृहात न झालेलं भाषण इतक्या लोकांनी वाचलं, ते त्यात तपासून पाहण्यासारखं काही होतं म्हणून.

ती तपासणी इंदूरच्या विद्यार्थ्यानं करावी असं मला मनापासून वाटतं, आणि आंबेडकरांचा संदर्भ आहे म्हणून तो तसाच उतरून घेऊ नये असंही वाटतं. 4 जानेवारी 1928 चा मूळ अंक काढून बातमी पूर्ण वाचावी. त्या वेळी तिसरे तुकोजीराव 1926 मध्ये गादीवरून दूर झालेले होते, दुसरे यशवंतराव अजून अज्ञान होते आणि त्यांच्या हाती पूर्ण अधिकार 1930 मध्ये आले. तेव्हा बलायांचे अर्ज नेमके कुणापुढं गेले, त्यावर काय शेरा पडला? देवास आणि धारला गेलेली कुटुंबं परत आली का, आली तर कधी आणि कोणत्या अटींवर? भाषणात याची उत्तरं नाहीत. संस्थानाच्या दप्तरात, शेजारच्या संस्थानांच्या कागदांत आणि बिचोली-कनाडियाच्या बलाई कुटुंबांतल्या वडीलधाऱ्यांच्या आठवणींत ती शोधावी लागतील. वडीलधाऱ्यांकडे जाताना आधी परवानगी मागावी, नाव छापायचं की नाही हे त्यांनाच ठरवू द्यावं, आणि त्यांनी सांगितलेलं कागदाशी जुळलं नाही तर दोन्ही लिहावं.